काळ्या गाडीवरचं मेण

आमची पहिली भेट झाली तेव्हा मी त्याला नखशिखान्त भिजवलं. मुद्दाम नाही, घाबरून.

झालं असं की आत्या बाहेर गेली होती आणि दुकानात मी एकटीच एका गाडीची चाकं धूत होते. वारा सुटला होता म्हणून शटर अर्ध्यावर ओढलेलं. तेवढ्यात शटरखाली दोन पाय दिसले. नुसते पाय, धुळीनं माखलेल्या बुटांतले, आणि ते तिथेच थांबले. कोण आहे म्हणून विचारायला गेले तर तोंडातून आवाजच फुटेना. मग ते पाय गुडघ्यात वाकले, एक हात आत आला... आणि माझ्या हातातला पाइप, ज्याच्या नुसत्या जोरानं चाकातला वाळलेला चिखल सुटून येतो, तो आपोआप तिकडे वळला.

"अहो... अहो, मी मेणवाला आहे," पाण्यामागून आवाज आला.

आता मला सांगा, असं कोण म्हणतं? चोर नाही, गिऱ्हाईक नाही, मेणवाला. मी पाइप बंद केला. समोर एक उंच माणूस उभा होता. केसांतून पाणी, भुवयांवरून पाणी, शर्टाच्या बाह्यांतून पाणी. फक्त दोन्ही हात डोक्याच्या वर, आणि त्या हातांत एक कापडी पिशवी, कोरडी ठणठणीत. स्वतः भिजला, पिशवी भिजू दिली नाही. तो मला तिथल्या तिथे आवडला असं मी मुळीच म्हणणार नाही. मला एवढंच वाटत होतं की हा आता आत्याला सांगणार आणि माझं काही खरं नाही.

"तुम्ही सगळ्यांचं असंच स्वागत करता?" त्यानं विचारलं.

"नाही. घाबरले की."

"आणि घाबरता किती वेळा?"

"उठल्यापासून झोपेपर्यंत," मी म्हटलं, आणि तो हसला. चेष्टेनं नाही, नाहीतर मी पाइप परत सुरू केला असता.

घरात मला सगळे भागूबाई म्हणतात. भित्री भागूबाई, तीच. मला पालीची भीती वाटते, लिफ्टची वाटते, अवेळी वाजलेल्या फोनची वाटते, आणि बोलण्याआधी घसा खाकरणाऱ्या माणसांची तर फारच. आमच्या घरच्यांना यात कोण मजा. दादा दाराआडून भॉक करणार, वहिनी पाठीमागून गार हात लावणार, आणि मी किंचाळले की सगळे पोट धरून हसणार. या सगळ्यातून मला उचलून आणलं ते आत्यानं. तिचं गाड्यांच्या डिटेलिंगचं दुकान. गाडी धुणं वेगळं आणि हे वेगळं. इथे गाडीच्या अंगावरचा एकेक ओरखडा शोधायचा, रंग साफ करायचा, चमकवायचा, आणि मग वर मेण चढवून ती चमक झाकून ठेवायची. आत्या म्हणाली, मला हिच्यासारखाच हात हवा आहे, शूर माणसं जोर लावतात आणि रंग सोलून काढतात. माझ्या भित्रेपणाचा कुणाला उपयोग झाला असेल तर तो आत्याच्या दुकानाला.

त्या भिजलेल्या माणसानं पिशवीतून एक डबी काढली आणि झाकण उघडलं. आत हस्तिदंती रंगाचं घट्ट मेण, आणि संत्र्याची साल नुकती सोलावी तसा वास. म्हणाला, हे कार्नोबा. नेहमीच्या डब्यांत नावाला घालतात, यात खरोखर आहे. आईच्या स्वयंपाकघरात, तिच्याच पातेल्यात, तिच्या शिव्या खात तो हे शिजवत होता. लांबच्या एका देशात एक ताडासारखं झाड असतं, ते आपल्या पानांवर स्वतःच हे मेण चढवतं. का, तर ऊन फार, पानं सुकून जातील म्हणून.

"म्हणजे झाडसुद्धा भित्रंच," मी म्हटलं.

"हो ना. घाबरतं म्हणून तर चमकतं," तो म्हणाला, आणि डबीकडे बघायच्या ऐवजी माझ्याकडे बघत राहिला. मी घाईघाईनं चाक धुवायला घेतलं. ते आधीच धुतलेलं होतं.

आत्या आली. तिनं दुकानात साचलेलं पाणी बघितलं, त्याला बघितलं, मला बघितलं, आणि एक सुस्कारा सोडला. मेणवाल्यांना ती एरवी दारातूनच परत पाठवते, पण एवढं भिजवल्यावर काय करणार, चहा द्यावा लागला. चहा पिता पिता तिनं दुकानाचा नियम सांगून टाकला. नवीन कुठलीही वस्तू आधी दाराला लागते. मागच्या अंगणात भंगारातून आणलेलं गाडीचं एक जुनं दार भिंतीला टेकवून ठेवलंय. ऊन, धूळ, कावळे, सगळं त्या दारानं सोसायचं. तिथे जे महिनाभर टिकेल त्याला पुढे बघू.

दाराला मेण लावायचं काम माझ्याकडे आलं. मी कापड घेतलं तर तो म्हणाला, कापडानं नाही, हातानं. हे मेण कापडाला दाद देत नाही, त्याला तळहाताची ऊब लागते. त्यानं नखाएवढा तुकडा माझ्या तळव्यावर ठेवला आणि आम्ही दोघं तो वितळायची वाट बघत बसलो. वितळेचना.

त्यानं एका बोटानं माझ्या तळव्याला जरासा स्पर्श केला. "तुमचे हात गार आहेत."

"भीतीनं."

"आता कशाची?"

तुमची, असं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं आणि पालीची म्हणून सांगितलं. त्यानं अंगणभर इकडे तिकडे बघितलं, पाल नव्हती. मग तो तुकडा उचलून स्वतःच्या हातात चोळून मऊ केला आणि परत माझ्या तळव्यावर ठेवला. तो कोमट होता. मी दारावर हात फिरवत राहिले आणि माझे कान तापत राहिले.

मग तो दर गुरुवारी यायला लागला, दारावर पाणी ओतून बघायला. मेण जिवंत असेल तर पाण्याचे गोल गोल थेंब उभे राहतात, मेलं असेल तर पाणी पसरतं. एक मग ओतायचा आणि दोघांनी वाकून बघायचं, एवढंच काम. पण त्याला कितीही वेळ लागायचा. थेंब उभे राहायचे, टुणकन एकमेकांत मिसळायचे, घरंगळायचे... आणि आम्ही अजून एक मग ओतायचो. आत्या खिडकीतून ओरडायची की त्या दाराला सर्दी होईल.

आणि एक गोष्ट. त्या पहिल्या दिवसानंतर तो कधीही एकदम समोर आला नाही. रस्त्यावरूनच आवाज द्यायचा, "मेणवाला येतोय, पाइप खाली ठेवा." दर वेळी तेच वाक्य, मोठ्यानं, शेजारच्या टायरवाल्यालासुद्धा ऐकू जाईल असं. मला हसू यायचं आणि पाठोपाठ रडू यायचं. जन्मभर लोकांनी मला दचकवायची मजा घेतली. मी दचकू नये म्हणून रस्त्यात ओरडणारा हा पहिलाच माणूस. तिथे मी पडले. प्रेमात म्हणतेय.

पडले, आणि लगेच घाबरले. एका गुरुवारी दारावरचं पाणी बघता बघता तो सहज म्हणून बोलून गेला की त्याचा मोठा भाऊ लांबच्या शहरात रंगाच्या कारखान्यात आहे, त्यानं तिथे याच्यासाठी जागा बघून ठेवलीय. आईचं म्हणणं, पातेली जाळून पोट भरत नाही. त्यानं आईला शब्द दिला होता: आत्याच्या दुकानात मेण चाललं तर इथे राहायचं, नाही तर महिना भरल्यावरच्या रविवारी सकाळच्या गाडीनं निघायचं. आत्याचं दुकान शेवटचं. बाकीच्या सगळ्यांनी त्याला नाही म्हटलं होतं. "बघू," असं म्हणून तो हसला. मला हसू आलं नाही. त्या दिवसापासून मला पालीची, लिफ्टची, कशाचीच भीती राहिली नाही. सगळी भीती एका जागी गोळा झाली आणि तिचं नाव रविवार.

दार पास झालं. तर आत्या म्हणते, दार काय, दार बोलत नाही. खरी परीक्षा काळ्या गाडीची. आणि दुकानात काळी गाडी एकच यायची, डॉक्टरीणबाईंची.

या बाई शल्यचिकित्सक. हृदय उघडून परत शिवणाऱ्या. गाडी न्यायला येताना पर्समध्ये एक छोटी टॉर्च आणि पांढरा रुमाल. टॉर्च तिरकी धरून गाडीभोवती फेरी मारायच्या, मध्येच थांबायच्या, आणि काही बोलायच्या नाहीत. एकदा आमच्या एका कामगाराकडून कापडात वाळूचा कण राहिला आणि मडगार्डवर केसाएवढी रेघ उठली. बाई त्या रेघेसमोर नुसत्या उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी तो कामगार आपणहून नोकरी सोडून गेला. आत्या म्हणाली, शनिवारी बाईंची गाडी येतेय, तिच्यावर हे मेण लावू. बाईंनी मान हलवली तर हे मेण आपल्या दुकानात राहिलं. नाही हलवली तर मेणवाल्यानं आपला रस्ता धरावा, आणि भागू, तू माझ्या समोर येऊ नकोस.

शनिवारी सकाळी आत्याची दाढ अशी काही ठणकायला लागली की ती गाल धरून दाताच्या डॉक्टरकडे निघाली. जाताना मला दहादा बजावलं. एक भाग लावायचा, लगेच पुसायचा, मगच पुढचा. पुढे पाठ मागे सपाट करायचं नाही. मी म्हटलं, आत्या, हे मी झोपेतही सांगेन. आणि ती गेली, शटर उघडं, समोर ती काळी कुळकुळीत गाडी, आणि रस्त्यावरून आवाज, "मेणवाला येतोय, पाइप खाली ठेवा." नेहमीपेक्षा बारीक आवाज. म्हणजे तोही घाबरला होता.

आम्ही गाडी धुतली, कोरडी केली. बाई दुपारनंतर येणार होत्या. त्याच्या पिशवीत दोनच डब्या उरल्या होत्या. एक आजची. दुसरी न उघडलेली, जुन्या टॉवेलात गुंडाळलेली, भावाच्या शहरातल्या एका मोठ्या शोरूमवाल्याला दाखवायला. म्हणजे इथे जमलं नाही तर तिथे निदान एक आशा. ती डबी त्यानं जपून कपाटावर ठेवली आणि मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

बॉनेटपासून सुरुवात केली. डावी बाजू माझी, उजवी त्याची. तळव्यात मेण, तळवा रंगावर, गोल गोल... काळ्या आरशात माझा हात दिसत होता आणि पलीकडून येणारा त्याचा. मला विचारायचं होतं, उद्या खरंच जाणार का? तेवढंच वाक्य. पण ते विचारायचं म्हणजे वर बघावं लागलं असतं. मी बॉनेट सोडून मडगार्डवर गेले. मग वाटलं, दाराशी पोचले की विचारू. दार आलं, नाही जमलं. मागच्या दाराशी विचारू. तो पलीकडून काहीतरी बोलायला लागला, "मी काय म्हणत होतो..." आणि थांबला. मी म्हटलं, काय? तो म्हणाला, काही नाही. दोघांचेही हात चालूच. बाहेर कोरडा वारा. संत्र्याचा वास दुकानभर.

मागे डिकीवर आमचे हात एकमेकांसमोर आले. त्याची करंगळी माझ्या करंगळीला लागली आणि तिथेच राहिली. कुणीच हात काढला नाही. मेणानं दोघांची बोटं गुळगुळीत झाली होती. आता विचारायचंच, म्हणून मी डोळे मिटले, श्वास घेतला, वर बघितलं... आणि त्याच्या खांद्यावरून मला गाडीचं टप दिसलं.

पांढरं. टप पांढरं, दारं पांढरी, बॉनेट पांढरं. चुना फासल्यासारखी अख्खी गाडी. वेळेत न पुसलेलं मेण वाळलं की असंच पांढरं पडतं.

"तुम्ही पुसत नव्हतात?" माझा आवाज माझा राहिला नव्हता.

"मी? मला वाटलं, तुम्ही एका हातानं लावताय आणि दुसऱ्या हातानं पुसताय."

"मला वाटलं, तुम्ही."

बघितलंच नव्हतं ना एकमेकांकडे. दोघांनी दोन बाजूंनी पुढे पाठ मागे सपाट केलं होतं. मी कापड घेऊन बॉनेटवर धावले. कापड जागचं हलेना. वाऱ्यानं आणि वेळेनं ते मेण दगड झालं होतं. तो म्हणाला, जोर लावून बघू का? मी किंचाळलेच. जोर लावला की काळ्या रंगावर रेघा, आणि रेघा म्हणजे बाई, आणि बाई म्हणजे टॉर्च. गरम पाण्याचा फडका लावला, वर नुसता घाम फुटल्यासारखं झालं आणि परत पांढरं. त्याचा चेहरा उतरला. हळूच म्हणाला, तुम्ही घरी जा, मी सांगेन की मी एकट्यानं केलं, नाही तरी मी जाणाराच आहे.

"जाणाराच आहे" हे मी ऐकलं आणि माझ्या पायांतलं बळ गेलं. खरंच गेलं, मी पडले असते. आधार म्हणून बॉनेटवर हात टेकला, मेणानं भरलेला तसाच, आणि किती वेळ तशी उभी राहिले देव जाणे. हात उचलला तर खाली काळं.

माझ्या पंज्याएवढं, पाच बोटांसकट, स्वच्छ काळं. मी बघत राहिले. हातावरच्या ओल्या मेणानं खालचं वाळलेलं मेण मऊ केलं होतं.

"अरे, काट्यानं काटा," मी म्हटलं. "ऐक. वाळलेल्यावर परत ताजं लावायचं. लावलं की लगेच पुसायचं. बघ, बघ हे, तू कापड घे."

मी त्याला अरे-तुरे केलं हे मला कळलं नाही. त्याला कळलं. अशा गडबडीतही तो एक क्षण थांबला आणि माझ्याकडे बघितलं. मग डबीत बोट घातलं. डबी जवळजवळ रिकामी होती. बॉनेटलासुद्धा पुरणार नव्हती.

आम्ही दोघांनी एकदमच कपाटावर बघितलं.

मी म्हटलं, नको. ती तुझी आहे, तिथे दाखवायची आहे, इथलं काहीतरी करू. खरं तर इथलं काही करता येणार नव्हतं आणि ते आम्हा दोघांना माहीत होतं. तो कपाटाशी गेला. डबी हातात घेऊन जरा उभा राहिला. मग त्यानं टॉवेल सोडला, झाकण फिरवलं आणि डबी माझ्यासमोर धरली.

"तिथे काय," तो म्हणाला, "तिथे पाइप घेऊन कोण उभं असणार आहे?"

या वेळी दोघं एकाच बाजूला. मी लावायचं, त्यानं पुसायचं. मी एक हात पुढे, तो एक हात मागे, त्याचा श्वास माझ्या कानाजवळ. पांढऱ्यातून काळं वर यायला लागलं. आणि काय काळं होतं ते. दोन थरांचं, खोल, ओलं वाटणारं. अशी चमक मी त्या गाडीवर कधी बघितली नव्हती. पण मला चमक दिसत नव्हती, घड्याळ दिसत होतं. शेवटचा डाग पुसला आणि रिक्षा थांबल्याचा आवाज आला. आत्या. तोंडाला रुमाल बांधलेला, गाल एवढा सुजलेला, तोंडात कापूस. तिला शब्द काढता येत नव्हता. तिनं ढिगानं पडलेली माखलेली कापडं बघितली, दोन रिकाम्या डब्या बघितल्या आणि माझ्याकडे भुवई वर केली. आयुष्यात पहिल्यांदा आत्या गप्प होती आणि मला ती बोललेली परवडली असती.

भुवई खाली यायच्या आत डॉक्टरीणबाई आल्या. पर्स उघडली, टॉर्च काढली. फेरी सुरू झाली. बॉनेट, मडगार्ड, दार. मी मेणवाल्याच्या शेजारी उभी होते आणि माझ्या छातीतली धडधड बाईंना ऐकू जाईल असं वाटत होतं, धंदाच त्यांचा तो. बाई आरशाच्या खाली वाकल्या. थांबल्या. रुमालाचं टोक काढलं, आरशाच्या कडेच्या रबरावरून फिरवलं आणि सरळ उभ्या राहिल्या. रुमालावर पांढरा डाग.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

आत्याला बोलता येत नव्हतं. मेणवाल्यानं घसा खाकरला... खाकरला आणि एक पाऊल पुढे टाकलं. मला कळलं, हा आता सगळं स्वतःवर घेणार, नमस्कार करणार, रिकामी पिशवी उचलणार आणि उद्या सकाळी गाडीत बसणार. आजवर मी घाबरले की मागे सरकत आले होते. या वेळी मागे सरकायला जागाच नव्हती, मागे रविवार होता.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "दोघांची आहे, पण आधी माझी." आणि मग माझी जी टकळी सुरू झाली ती थांबेना. दोन बाजूंनी लावत गेलो, पुसायचं राहिलं, दगड झालं, परत लावून सोडवलं, हा कण रबरात राहिला तो माझ्या नजरेतून सुटला. का राहिलं पुसायचं, तेही सांगितलं. हा उद्या जाणार आहे आणि मला विचारायचं होतं की खरंच जाणार का, आणि ते विचारायच्या भीतीनं मी अख्ख्या गाडीला मेण लावून टाकलं. जोर मात्र कुठे लावलेला नाही, रेघ एकही नाही, हवं तर बघा. शेवटी शेवटी माझा आवाज इतका कापत होता की शब्द एकमेकांवर आपटत होते.

बाईंनी टॉर्च परत पेटवली. पुन्हा पूर्ण फेरी, पहिल्यापेक्षा सावकाश. मग म्हणाल्या, पाणी ओता. मी मग भरला आणि बॉनेटवर ओतला. थेंब उभे राहिले. आमच्या दारावर कधी राहिले नव्हते इतके गोल, इतके उंच, आणि सगळे एकदम घरंगळत खाली गेले. बॉनेट कोरडं. बाई बघत राहिल्या. मी शपथेवर सांगते, त्यांनी परत एक मग ओतायला लावला, आणि मग अजून एक.

"हात दाखव," त्या मला म्हणाल्या. मी दाखवले, दोन्ही कापत होते. "माझ्याकडे शिकायला मुलं येतात. ज्याचा हात पहिल्या दिवशी कापत नाही, त्याच्यावर मी नजर ठेवते. कापतो त्याला शिकवता येतं." मग रुमालाची घडी पर्समध्ये टाकली, आत्याकडे बघून मान हलवली आणि पुढच्या महिन्यातही हेच मेण लावा म्हणून सांगितलं. रबरावरचा उरलेला कण काढून टाका, असंही निघताना म्हणाल्या. बाई त्या बाईच.

काळी गाडी गेली. मेणवाला सगळी कापडं गोळा करायला लागला. रिकाम्या डब्या पिशवीत टाकल्या, पिशवी खांद्याला अडकवली, आणि काय करावं ते न सुचून उभा राहिला. आत्यानं सुजलेल्या गालावर एक हात धरला, दुसऱ्या हातानं ती पिशवी त्याच्या खांद्यावरून ओढून काढली आणि भिंतीवरच्या खुंटीला नेऊन टांगली. त्या खुंट्यांवर फक्त दुकानातल्या माणसांच्या पिशव्या असतात. मग माझ्याकडे बघून तिनं मागच्या अंगणाकडे बोट केलं. जा म्हणे. तिला बोलता येत असतं तर काय बोलली असती ते मला चांगलं माहीत आहे, म्हणून मी मुकाट्यानं गेले.

तो माझ्या मागे आला. ते भंगारातलं दार भिंतीला टेकून उभं होतं, वर आमच्या गुरुवारनंतरची धूळ. आम्ही दोघं नळावर हात धुवायला लागलो. पण हातांवर एवढं मेण बसलं होतं की पाणी हाताला लागतच नव्हतं, गोल थेंब होऊन मनगटावरून पळून जात होतं. तो ते बघत होता. मी त्याच्याकडे बघत होते.

"पिशवीचं ठरलं," तो म्हणाला. "माणसाचं काय?"

सगळ्या दुकानासमोर एवढं बोलून झाल्यावर आता काय उरलं होतं? तरी हे एक उरलंच होतं, आणि तेच सगळ्यात अवघड. पाल असती तर मी तिचे आभार मानले असते.

"राहा," मी म्हटलं. मग वाटलं, एवढ्यानं भागायचं नाही. "तू राहा. माझ्यासाठी."

त्यानं नळ बंद केला आणि माझा हात हातात घेतला.

"हात अजून गारच आहेत."

"भीतीनं."

"आता कशाची?"

या वेळी मी पालीचं नाव घेतलं नाही. "तू सोडशील याची."

मेणानं आमचे दोघांचेही हात इतके गुळगुळीत झाले होते की माझा हात त्याच्या हातातून सारखा निसटत होता. त्यानं तो दोन्ही हातांनी घट्ट धरला, आणि आत्या गाल धरून खिडकीत येऊन उभी राहिली तरी सोडला नाही.